फणसाचं पथ्य

त्रिपुरसुंदरी: मोज मा. मी मोजलें तर कमीजास्त केलें म्हणशील. तूंच मोज.

विद्युलता: अहो मामी, असं टेबलावर ओतू नका सगळं! इथे दुसऱ्या पेशंटच्या फाइली आहेत.

त्रिपुरसुंदरी: रिकाम्या पट्ट्या तर आहेत. गोळ्यांच्या. प्रत्येकीच्या मागें तारीख घातलीय त्यांणी, पेन्सिलीनें. ही बघ. सप्टेंबर एकवीस ते पंचवीस. ही सव्वीस ते तीस. चौतीस वर्षें रेल्वेच्या तिकीट खिडकींत बसलेला माणूस. अर्धा तुकडा जपून ठेवल्यावांचून झोप येत नसे.

विद्युलता: कुठे सापडल्या?

त्रिपुरसुंदरी: त्यांच्या टेबलाच्या खणांत, रबर घालून. ते गेल्यापासून तो खण मी उघडला नव्हता. परवां धीर केला. उघडला आणि या हाताला लागल्या.

विद्युलता: मामी, पाणी देऊ? इतक्या उन्हात वेस्ट मांबलमहून आलात एकट्या.

त्रिपुरसुंदरी: पाणी राहूंदे. मला एकच पुसायचें आहे, तें पुसून जातें. आणि ती कापडी पिशवी बाजूला ठेव, ती तुझी. नणंदेनें कुंभकोणमहून पाठवलें, एकच आलें, तें तुला आणलें.

विद्युलता: नको मामी. तुम्हाला माहीत आहे ना, पेशंटच्या घरून आम्हाला काही घेता येत नाही.

त्रिपुरसुंदरी: पेशंट कोठें आहे आतां? दोन महिने झाले. घे.

विद्युलता: ...बरं. ठेवते इथे.

त्रिपुरसुंदरी: आतां फाइल काढ. राममूर्ती राव. शेवटच्या पानावर काय लिहिलंय तें वाच. इंग्लिश येतें मला, तरी मराठींत वाच. तूंच त्यांस मराठींत सगळें सांगायचीस ना.

विद्युलता: मामी, कशाला पुन्हा...

त्रिपुरसुंदरी: वाच मा.

विद्युलता: "रुग्णाने प्रत्यारोपणानंतरची औषधं नियमित घेतली नाहीत. त्यामुळे शरीराने किडनी नाकारली."

त्रिपुरसुंदरी: हेंच. हेंच जननीनें वाचलें. माझी लेक, इथेंच पेरुंगुडींत तिची कचेरी, तुमच्यापासून दोन सिग्नल. तेराव्याच्या दिवशीं स्वयंपाकघरांत येऊन म्हणाली, "अम्मा, अप्पांना जगायचेंच नव्हतें. तूं पोट फाडून किडनी दिलीस आणि त्यांणी ती कचऱ्यांत टाकली." तेव्हांपासून बापाच्या फोटोकडे बघत नाहीं. मासिकाला आली नाहीं. आणि खरें सांगूं? मीही रात्रंदिवस तेंच धरून बसलेंय. माझें काय नकोसें झालें होतें त्यांस? तेवढें मला सांग. त्यांणी गोळ्या टाकल्या कां?

विद्युलता: मला कसं सांगता येईल, मामी?

त्रिपुरसुंदरी: या पट्ट्या बघून सांग. एकही दिवस राहिला नाहीं. मी तीनदा लावून पाहिल्या.

विद्युलता: पट्टी रिकामी आहे म्हणजे गोळी पोटात गेलीच, असं नाही म्हणता येत. काढून टाकताही येते. तुम्हाला लागेल, पण डॉक्टर हेच म्हणतील.

त्रिपुरसुंदरी: तारीख घालून टाकेल कोण?

विद्युलता: घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून करतात लोक. मी पाहिलेत तसे.

त्रिपुरसुंदरी: अय्यो. तूंही असेंच बोलतेस? तुझ्यावर केवढा जीव होता त्यांचा. देशांतून, महाराष्ट्रांतून आलेली पोर, अलिबागची, किती स्वच्छ मराठी बोलते म्हणून घरीं येऊन सांगायचे.

विद्युलता: माझाही होता, मामी. मी आणि नवरा इथे चेन्नईला आलो तेव्हा घराबाहेर मराठी बोलायला कुणी नव्हतं. काका आले की ऑफिसात घरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. पण रक्ताचा रिपोर्ट माझ्या जिवाचं ऐकत नाही.

त्रिपुरसुंदरी: रक्तांत औषध नव्हतें, एवढेंच ना? नव्हतें म्हणजे घेतलेंच नाहीं, असेंच कां? दुसरें काहीं असूं शकत नाहीं?

विद्युलता: दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर आम्हीही विचार केला असता. काकांच्या बाबतीत नाही. कारण त्यांची आपण ती टेस्ट केली होती. आठवतंय? ऑगस्टमध्ये, ऑपरेशनच्या आधी.

त्रिपुरसुंदरी: न आठवायला काय झालें. चार औषधांची. दिवसभर हातांत सुई, तासातासाला रक्त. ते म्हणाले, "डासाला तरी एका वेळीं पुरतें, या मुलीला आठ वेळां लागतें."

विद्युलता: हो. चार औषधं, प्रत्येकाची चिमूटभर. कॉफीतलं सत्त्व, खोकल्याचं, पित्ताचं आणि झोपेचं. ती काही बरं करायला देत नाहीत. लिव्हर कसं काम करतं ते बघायला देतात.

त्रिपुरसुंदरी: तिकिटाच्या खिडकीचें सांगटलें होतेंस त्यांस.

विद्युलता: हो, काका रेल्वेतले म्हणून. लिव्हरमध्ये वेगवेगळ्या खिडक्या असतात, प्रत्येक औषधाची खिडकी ठरलेली. कुठली खिडकी जलद चालते, कुठली रेंगाळते, हे बाहेरून कळत नाही. मग प्रत्येक खिडकीवर आपला एक ओळखीचा माणूस रांगेत पाठवायचा आणि तो किती वेळात बाहेर येतो ते घड्याळ लावून बघायचं. ते चिमूटभर औषध म्हणजे तो माणूस.

त्रिपुरसुंदरी: आणि त्यांचा झोपेच्या औषधाचा माणूस बाहेर येईना.

विद्युलता: येईचना! बाकीच्यांचा तीन तासांत आला, काकांचा संध्याकाळपर्यंत रक्तात फिरत होता. आणि किडनी टिकवायची जी गोळी असते ना, तिची खिडकीही तीच.

त्रिपुरसुंदरी: "माझ्या लिव्हरांतला क्लार्क आळशी निघाला, विद्युलता." हसून हसून सांगायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला. "बाहेर मी इतका फास्ट, आंत हा असला बसवलाय."

विद्युलता: म्हणून तर त्यांना गोळी कमी दिली. बाकीच्यांच्या निम्मी. आणि ती लागू पडली, मामी. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, दर वेळी रक्तातली पातळी अगदी हवी तिथे. डॉक्टर प्राणेश म्हणाले, ही आपली सगळ्यात चांगली केस. डिसेंबरला वादळामुळे तुम्हाला येता आलं नाही.

त्रिपुरसुंदरी: कमरेएवढें पाणी होतें गल्लींत. चार दिवस दिवा नाहीं.

विद्युलता: आणि जानेवारीत आले तर पातळी तळाला. जवळजवळ शून्य. तुम्हीच सांगा, ज्याची खिडकी इतकी हळू, त्याच्या अंगातून औषध असं पळून जाईल का? त्यांच्या बाबतीत तरी शक्यच नव्हतं. टेस्टच सांगत होती तसं. म्हणजे मग एकच उरलं.

त्रिपुरसुंदरी: घेतलेंच नाहीं.

विद्युलता: हो.

त्रिपुरसुंदरी: किती वेळां पुसलें त्यांस, ठाऊक आहे? प्राणेश डॉक्टरांणी पुसलें. तूं पुसलेंस.

विद्युलता: मी हात धरून विचारलं. "काका, माझ्याशी तरी खरं बोला."

त्रिपुरसुंदरी: जननीनें पुसलें, ओरडून. आणि मी. अकरा दिवस त्या काचेच्या खोलींत होते. किडनी वांचवायला दिलेल्या जोराच्या औषधांणी अंगांतली ताकद गेली, छातींत जंतू शिरून कफ भरलेला, तोंडावर तें मास्क. पांच मिनिटें आंत सोडायचे मला. त्या पांच मिनिटांत मी कपाळावर हात ठेवायचा कीं नाहीं? मी पुसायची, "कां टाकल्या हो? मला तरी सांगा." आधीं मान हालवायचे. मग तेंही सोडलें. शेवटीं भिंतीकडे वळून म्हणाले, "घेतल्या गं." बस्स. त्यावर बोलले नाहींत.

विद्युलता: मामी, रडा. रडून घ्या.

त्रिपुरसुंदरी: रडणें संपलें मा. तूं मला सांग, पथ्य पाळायला एवढा कडक माणूस, तो गोळी टाकेल? तुम्ही कापी सोडा म्हटलेंत, तीन आठवडे कापी सोडली. तंजावरकडचा माणूस! पहांटे उठून डिकाक्षनाचा वास घ्यायला खिडकींत उभे राहायचे, शेजारच्यांच्या. पण घोट घेतला नाहीं.

विद्युलता: हो, ते मला सांगायचे. "कापी बंद करून कापीची गोळी देता, हा कुठला न्याय?"

त्रिपुरसुंदरी: आणि तें दुसरें पथ्य! तें तर टेस्ट संपली तरी पाळलें, ऑपरेशन झालें तरी पाळलें. थोरल्या दिरांच्या नातीचें लग्न झालें, ऑक्टोबरांत, माझी जखम भरली होती नुकती. वाढप्यानें पानांत फणसाचें पायसम् वाढलें. त्यांचा जीव कीं प्राण! पानावरून उठले मा. भरल्या पंगतींतून. "विद्युलतेनें नाहीं म्हणून सांगटलंय." सगळे हसले. म्हणाले, बायकोला कधीं एवढें भ्याले नाहींत. आतां सांग, एक वाटी पायसम् न खाणारा माणूस...

विद्युलता: थांबा. कशाचं पायसम्?

त्रिपुरसुंदरी: फणसाचें. पलापळम्.

विद्युलता: फणस का नाही खाल्ला त्यांनी?

त्रिपुरसुंदरी: कां म्हणजे? तूंच नको म्हणालीस.

विद्युलता: मी फणस कुठे म्हटलं?

त्रिपुरसुंदरी: आतां मलाच पुसतेस? त्या मराठी कागदावर वाचून दाखवलेंस. दर वेळीं आल्यावर पहिलें तेंच पुसायचीस. तुमच्या देशांतला शब्द. पापनास.

विद्युलता: पपनस.

त्रिपुरसुंदरी: तोच. पहिल्या दिवशीं काय गंमत झाली! ते म्हणाले, "पापनासम् तर आमच्या कुंभकोणमजवळचें गांव, त्या गांवालाच जायचें नाहीं काय?" तूंही हसलीस.

विद्युलता: हसले. मग पुढच्या ओळीवर गेले. आणि नंतर दर वेळी ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "शिवलोसुद्धा नाही हो." मी नाहीवर खूण करायचे.

त्रिपुरसुंदरी: शिवले नाहींतच. घरीं येऊन विचार केला त्यांणी. म्हणाले, "संस्कृतांत पनस म्हणजे फणस. देशांतल्या लोकांणी पुढें एक प जोडला असेल, त्यांस घाई फार." घरांत फणस यायचा बंद. फणसाचे वेफर बंद. मी म्हटलें, एकदां त्या मुलीला फोन करून पुसा. तर रागावले. "आमचे पणजोबा मोडी वाचीत आणि मी त्या पोरीला मराठी शब्दाचा अर्थ पुसूं? काय म्हणेल ती? तंजावरचे लोक मराठी विसरले म्हणेल."

विद्युलता: मामी.

त्रिपुरसुंदरी: काय झालें? तोंड कां असें झालें तुझें?

विद्युलता: पपनस म्हणजे फणस नाही.

त्रिपुरसुंदरी: मग? अननस?

विद्युलता: नाही. वेगळं फळ. लिंबा-संत्र्यातलं, पण मोठं. नारळाएवढं. साल जाड, हिरवी-पिवळी. आत गुलाबी फोडी. आमच्याकडे अलिबागला गणपतीपुढे ठेवतात. मला वाटलं, मराठी माणूस, पपनस माहीत नसेल असं कसं होईल! माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, मामी.

त्रिपुरसुंदरी: लिंबांतलें, मोठें... तें कशाला एवढें? त्यानें काय होतें?

विद्युलता: त्या पिशवीत काय आहे?

त्रिपुरसुंदरी: पिशवींत? फळ आहे, नणंदेनें पाठवलेलें.

विद्युलता: कुठलं फळ?

(विद्युलता पिशवीतून फळ काढून टेबलावर ठेवते. पट्ट्यांचा ढीग घसरून खाली पडतो. कुणी उचलत नाही.)

त्रिपुरसुंदरी: पंपळिमास. हें पंपळिमास, मा. हें... नाहीं. हें तर आपल्या घरचें. मागच्या अंगणांत झाड होतें आमच्या. सासूबाईंणी लावलेलें.

विद्युलता: काका खायचे?

त्रिपुरसुंदरी: हें नव्हे तें. तूं नीट बघ. तें दुसरें असेल, तुमच्या देशांतलें.

विद्युलता: मामी, काका हे खायचे का?

त्रिपुरसुंदरी: ...रोज.

विद्युलता: कधीपासून?

त्रिपुरसुंदरी: झाड फार धरलें होतें गेल्या वर्षीं. तुम्ही कापी सोडायला लावलीत, सकाळीं तोंडाला चव नाहीं म्हणून चिडायचे. मी म्हटलें, कापीच्या ऐवजीं हें खा. वाटीभर. मग लागलीच गोडी. टेस्टच्या आधले तीन आठवडे, सकाळीं आणि संध्याकाळीं.

विद्युलता: आणि ऑपरेशननंतर?

त्रिपुरसुंदरी: नंतर तर तुमच्याच जेवणाच्या बाईनें सांगटलें! बाहेरचें कापलेलें फळ नको, जंतू असतात. जाड सालीचें घ्या, घरीं हात धुऊन सोला. मी म्हटलें, याहून जाड साल कोणाची? इथें वॉर्डांत डबा आणायची मी. तुझ्यासमोरून न्यायची, स्टीलचा, झांकण घालून.

विद्युलता: आणि झाड?

त्रिपुरसुंदरी: वादळांत पडलें. मुळासकट. तीन तारखेला.

विद्युलता: डिसेंबर तीन.

त्रिपुरसुंदरी: खालीं पडलेलीं चार-पांच निघालीं, पण गटारीच्या पाण्यांत. टाकून दिलीं. तूं मला नीट सांग. त्या फळानें काय होतें?

विद्युलता: त्याने खिडकी बंद होते. त्या फळात असं काही असतं की ते खाल्लं की तीच खिडकी मिटते, झोपेच्या औषधाची आणि त्या गोळीची. दोन-तीन दिवस उघडत नाही. काका रोज खात होते, म्हणजे ती रोज बंद. टेस्टच्या दिवशीही बंदच होती. आम्हाला वाटलं, क्लार्कच आळशी आहे.

त्रिपुरसुंदरी: नव्हता?

विद्युलता: नव्हता. तो कदाचित सगळ्यांत जलद होता, मामी. आम्ही कमी गोळी दिली आणि फळ होतं तोवर ती पुरली. झाड पडलं, खिडकी उघडली, आणि तेवढी गोळी त्याने बघता बघता संपवली. ते घेत होते आणि पोटात गेली की ती नाहीशी होत होती.

त्रिपुरसुंदरी: घेत होते?

विद्युलता: हो. घेत होते.

त्रिपुरसुंदरी: सगळ्या?

विद्युलता: सगळ्या. तारखा खऱ्या आहेत.

त्रिपुरसुंदरी: टाकल्या नाहींत. मला टाकलें नाहीं त्यांणी. देवा रे, पांडुरंगा. "घेतल्या गं" म्हणाले ते. ऐकलेंस? म्हणाले होते. मी काय केलें हें? मरत्या माणसाला अकरा दिवस चोर म्हणून पुसत राहिलें. भिंतीकडे तोंड करून गेला तो. माझ्याकडे पाठ करून.

विद्युलता: आम्ही सगळ्यांनी विचारलं.

त्रिपुरसुंदरी: तुम्ही परके. मी त्यांची बायको. मला तरी...

विद्युलता: मामी, खाली नका बसू. या, खुर्चीवर या. धरा माझा हात.

त्रिपुरसुंदरी: राहूंदे इथेंच. मला एक सांग. झाड पडलें नसतें तर?

विद्युलता: असं विचारू नका.

त्रिपुरसुंदरी: सांग.

विद्युलता: तर बहुतेक चाललं असतं. तसंच पुढे.

त्रिपुरसुंदरी: आणि झाड मुळांतच नसतें तर?

विद्युलता: तरी चाललं असतं. टेस्ट खरी आली असती. गोळी पुरेशी दिली असती.

त्रिपुरसुंदरी: किंवा तें पडल्यावर मी बाजारांतून आणून दिलें असतें तर. ते म्हणाले होते, आण. मी म्हटलें, बाजारचें नको, कोण जाणे कशा हातानें तोडलेलें. जपायला गेलें मी.

विद्युलता: चूक तुमची नाही. ऐका माझं. शब्द माझा होता. तमिळ फॉर्म होता आमच्याकडे. छापील, चित्रासकट. त्यात पंपळिमास म्हणूनच लिहिलं होतं, ढळढळीत. मी तो काढला होता काकांपुढे. ते म्हणाले, "तमिळ कशाला? मातृभाषा मराठी लिहा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी मराठीत पुसतंय." मला इतका आनंद झाला, मामी! मी घरी बसून तो कागद मराठीत केला. माझ्या शब्दांत. कुणाला दाखवलाही नाही.

त्रिपुरसुंदरी: त्या दिवशीं सही करून आले ती मिठाई घेऊनच. "मराठींत सही केली आज." बाळबोध अक्षरांत.

विद्युलता: आणि तुम्हाला आठवत नसेल. नोव्हेंबरमध्ये काका एक पिशवी घेऊन आले होते माझ्यासाठी. हीच बहुतेक.

त्रिपुरसुंदरी: हीच. दोन निवडून घातलीं होतीं त्यांणी, झाडावर चढायला माणूस बोलावून. तूं घेतलीं नाहींस म्हणून परत आणलीं. वाईट वाटलें त्यांस. म्हणून आज आणलें मी, त्यांची इच्छा राहिली म्हणून.

विद्युलता: मी उघडून बघितलंही नाही. नियम आहे म्हटलं. नुसतं आत डोकावले असते तर काका आज... मी कसं सांगू तुम्हाला, मला काय होतंय ते.

त्रिपुरसुंदरी: नको सांगूंस. मला जागा नाहीं मा आतां, दुसऱ्याचें ठेवायला. माझीच एक किडनी त्यांच्याबरोबर जळून गेली. दुसरी राहिलीय तिचें काय करूं तें कळेना.

विद्युलता: मी लिहून देणार आहे सगळं. डॉक्टरांना, हॉस्पिटलच्या समितीला. माझ्या नावासकट. ते वाक्य फाइलमधून काढायला लावते. मला काढतील तर काढू देत.

त्रिपुरसुंदरी: जननीला दाखवतां येईल तें?

विद्युलता: येईल. पण मामी, ते वाक्य काढलं की त्या जागी खरं कारण लिहावं लागेल. तिला मग हेही कळेल की ते फळ...

त्रिपुरसुंदरी: कीं मी घातलें.

विद्युलता: हवं तर नुसतं "फळ खाण्यात आलं" एवढंच लिहिते. कुणी दिलं ते नको.

त्रिपुरसुंदरी: घरांत दोन माणसें. कोणी दिलें म्हणून कळायला शाळा लागते काय? लिही. बापानें टाकलें म्हणून फोटोकडे बघत नाहीं पोर. त्याच्यापरीस माझ्यावर रागावूंदे. मी आहें ना अजून, राग सोसायला. त्यांस आतां सोसतां येत नाहीं.

विद्युलता: आजच लिहायला पाहिजे असं नाही.

त्रिपुरसुंदरी: आजच. उद्यां माझा धीर राहणार नाहीं. कागद घे. आणि तो शब्द, तो कसा म्हणायचा?

विद्युलता: पपनस.

त्रिपुरसुंदरी: पप... नस.

विद्युलता: हो.

त्रिपुरसुंदरी: पपनस. एवढाच. एकदां पुसलें असतें ना त्यांणी. तूं हसली असतीस काय?

विद्युलता: नसते हसले, मामी. शप्पथ.

त्रिपुरसुंदरी: त्यांस वाटलें, हसशील. सरी, असूंदे. लिही आतां, मराठींत. त्यांस मराठींत पाहिजे असायचें.

विद्युलता: "रुग्णाने सर्व औषधं वेळेवर घेतली होती."

त्रिपुरसुंदरी: हां. पुढें.

विद्युलता: "तपासणीच्या आधी तीन आठवडे आणि ऑपरेशननंतर डिसेंबरपर्यंत रुग्णाला रोज पपनस..." मामी, पुढे काय लिहू?

त्रिपुरसुंदरी: बायकोनें दिलें म्हणून लिही. साल काढून, पांढरें सगळें काढून. आणि बी काढून, तेंही लिही मा. एकही बी ठेवली नाहीं मी. बी दातांखालीं आली तर त्यांस चालत नसे.